शाळेच्या बाई : शांताबाई कांबळे यांचे स्मरण

२५ जानेवारी २०२३ रोजी शांताबाई कृष्णाजी कांबळे यांचे निधन झाले. वयाची शंभर वर्षे पूर्ण व्हायला अवघे पाच आठवडे उरले होते. 'माज्या जल्माची चित्तरकथा' या आत्मकथनाच्या लेखिका म्हणून त्यांना महाराष्ट्र ओळखतो. आपली संपूर्ण जीवनकथा ग्रंथरूपाने सांगणारी पहिली दलित स्त्री, असा त्यांचा उल्लेख साहित्याच्या इतिहासात होतो आणि तो यथार्थ आहे. परंतु हे पुस्तक त्यांनी सेवानिवृत्तीनंतर लिहिले. त्याआधीची जवळजवळ चार दशके त्या प्राथमिक शाळेच्या 'बाई' होत्या. प्रस्तुत लेखात त्या बाईंचे स्मरण करावयाचे आहे. कारण परदेशी स्थायिक झालेल्या आपल्यापैकी अनेक कुटुंबांचा इतिहास मागे मागे शोधीत गेले, की तो अशाच एखाद्या बाईंपाशी किंवा गुरुजींपाशी येऊन थांबतो.

महूद, १९२३

शांताबाईंचा जन्म १ मार्च १९२३ रोजी सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यात महूद या गावी झाला. माहेरचे नाव नाजा सखाराम बाबर. सांगोल्याचा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणाचा. पाऊस पडला तर ज्वारी-बाजरी, नाही पडला तर गावोगाव कामाच्या शोधात वणवण. अशा प्रदेशात महारवाड्यातील कुटुंबाची अवस्था काय असेल, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. गावकीची कामे करावयाची, त्याच्या मोबदल्यात सुगीला बलुते आणि एरवी शिळीपाकी भाकरी मागावयाची, ही त्या काळची रीत. भूक हा शांताबाईंच्या बालपणातील सर्वांत मोठा अनुभव होता आणि पुढे त्यांच्या लेखणीतून तो कोणताही आक्रोश न करता, साध्या शब्दांत उतरला.

ज्या वर्षी नाजाचा जन्म झाला, त्याच वर्षी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. याच ठरावाच्या अंमलबजावणीसाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला, हे आपल्या घरातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. परंतु त्या ठरावात पाण्याबरोबर शाळाही होती, याची आठवण आपण क्वचितच काढतो. पाण्याचा हक्क एका दिवशी, हजारो लोकांच्या साक्षीने, ओंजळीत घेता आला. शाळेचा हक्क मात्र प्रत्येक गावात, प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला एकेकटे जाऊन मिळवावा लागला. तो लढा वर्षानुवर्षे चालला. त्याचे छायाचित्र नाही, त्याचा वर्धापनदिन नाही. महूदच्या शाळेत जाणारी नाजा ही त्या लढ्यातील एक शिपाई होती.

वर्गात वेगळे बसणे, सवर्ण मुलांना आपला स्पर्श होऊ नये म्हणून अंग चोरणे, तहान लागली तरी कोणी वरून पाणी घालीपर्यंत थांबणे, हे त्या पिढीच्या शालेय जीवनाचे नित्यनियम होते. शांताबाईंनी सांगितलेला एक प्रसंग अनेक अभ्यासकांनी उद्धृत केला आहे. वर्गमैत्रिणीला शाळेत जाण्यासाठी हाक मारायला त्या तिच्या घरी गेल्या. मैत्रिणीची आई अंगणात रांगोळी घालीत होती. महाराची पोर रांगोळीवर येईल, या धास्तीने ती बाई नाजावर ओरडली. प्रसंग एवढाच. कोणी मारले नाही, शाळेतून काढले नाही. परंतु ज्या वाटेने दोघी एकत्र शाळेला जाणार होत्या, त्या वाटेवर रेघ कोठे आखलेली आहे, हे त्या लहान मुलीला त्या दिवशी उमगले.

तरीही ती शाळेत जात राहिली. याचे श्रेय शांताबाईंनी स्वतःकडे घेतले नाही. आपले पुस्तक त्यांनी आये आणि अप्पा यांना अर्पण केले आहे. उन्हातान्हात, उपाशीपोटी राबून ज्यांनी मुलीला शिकविले, त्या दोन निरक्षर माणसांना. महारवाड्यातील दरिद्री आईबापांनी १९३० च्या दशकात मुलीला शाळेत घालणे, हा निर्णय किती धाडसाचा होता, याचा विचार करावा. शाळेत गेलेली मुलगी म्हणजे घरातला एक राबता हात कमी आणि दिवसाला तेवढीच भाकरी कमी.

मुक्ता ते शांता

अस्पृश्य समाजातील मुलींच्या शिक्षणाचा प्रारंभ जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळांतून झाला. त्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्याला कोणता धर्म आहे, असा प्रश्न विचारणाऱ्या त्या निबंधाचे तेज आजही कमी झालेले नाही. परंतु मुक्ताच्या हाती लेखणी आली, हाती नोकरी आली नाही. त्या निबंधानंतर इतिहासात तिचा आवाज ऐकू येत नाही.

पुढची पायरी नागपूरच्या जाईबाई चौधरी यांनी ओलांडली. १८९२ मध्ये उमरेड येथे जन्मलेल्या जाईबाई रेल्वेस्थानकावर ओझी वाहत असत. एका मिशनरी बाईंनी त्यांची हुशारी हेरून त्यांना लिहावाचावयास शिकविले आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका नेमले. शिक्षिका अस्पृश्य आहे, हे कळताच सवर्ण पालकांनी विरोध केला आणि जाईबाईंची नोकरी गेली. दुसऱ्यांची शाळा आपल्याला सहन करीत नसेल, तर आपली शाळा आपणच काढावी, असा निर्धार करून त्यांनी १९२२ मध्ये नागपुरात मुलींसाठी चोखामेळा कन्या पाठशाळा सुरू केली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथासाठी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या आठवणी गोळा केल्या नसत्या, तर जाईबाईंसारख्या कितीतरी नावांवर काळाचा पडदा पडला असता.

मुक्ताजवळ लेखणी होती, जाईबाईंजवळ शाळा होती. शांताबाईंच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. सरकारी शाळेतील कायम नोकरी आणि त्या नोकरीच्या बळावर शेवटी हाती आलेली लेखणी.

१९४२

मराठी सातवीची परीक्षा, जिला त्या काळी 'फायनल' म्हणत, उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीला प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळू शके. शांताबाई १९४२ मध्ये सोलापूर जिल्हा स्कूल बोर्डाच्या सेवेत शिक्षिका म्हणून रुजू झाल्या. सोलापूर जिल्ह्यातील पहिली दलित शिक्षिका, असा मान त्यांच्याकडे जातो.

सोलापूर हा बाबासाहेबांच्या शैक्षणिक कार्याचा आरंभीचा जिल्हा. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत याच शहरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले होते. आणि शांताबाई ज्या वर्षी नोकरीला लागल्या, त्याच १९४२ च्या जुलै महिन्यात नागपूर येथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि हजारोंच्या संख्येने स्त्रिया जमल्या होत्या. समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले. मुलांना शिक्षण द्या, लग्नाची घाई करू नका, पत्नीने पतीच्या बरोबरीने उभे राहावे, हा त्या भाषणाचा आशय होता. नागपूरच्या मंडपात जो विचार मांडला जात होता, तो सोलापूर जिल्ह्यातील एका शाळेत एक तरुणी फळ्यासमोर उभी राहून जगत होती.

या घटनेचा अर्थ समजून घेण्यासाठी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महूदपासून पंढरपूर फार दूर नाही. त्या पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दरवाजे अस्पृश्यांसाठी उघडले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे ज्या वेळी शांताबाई सरकारी शाळेच्या खुर्चीवर बसून गावातील मुलांना अक्षरे गिरवायला लावीत होत्या, त्या वेळी चोखोबांची समाधी जिथे आहे त्या पायरीच्या पुढे जाण्याची त्यांना मुभा नव्हती. शाळेचा उंबरठा देवळाच्या उंबरठ्याआधी ओलांडला गेला. आपल्या समाजाने पुस्तकाला का जवळ केले, याचे उत्तर या क्रमातच दडलेले आहे.

'बाई' म्हणजे काय

मराठीत शिक्षिकेला 'बाई' म्हणतात. सवर्ण घरातील स्त्रीला या शब्दाचे अप्रूप नसेल. परंतु गावगाड्यात महार स्त्रीला हाक कशी मारली जाई? 'ए', 'अगं', नाहीतर नुसते नाव, तेही मोडून. वयाने आईएवढ्या असलेल्या स्त्रीला पाटलाचे शेंबडे पोरही एकेरी हाक मारी. अशा गावात महारवाड्यात जन्मलेल्या एका तरुण स्त्रीला साऱ्या गावची मुले उठून उभी राहून 'बाई' म्हणू लागली. हा शब्द कायद्याने मिळत नाही, ठरावाने मिळत नाही. तो हजेरीपट, खडू आणि रोजच्या पाढ्यांच्या बळावर मिळवावा लागतो.

अर्थात शाळेत मिळालेले 'बाई'पण शाळा सुटल्यावर टिकेलच असे नव्हते. प्राथमिक शिक्षकाची नोकरी म्हणजे बदलीची नोकरी. नव्या गावी बदली झाली, की दलित शिक्षकापुढे पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा नसे, घराचा असे. गावात खोली मिळत नसे. विहिरीवर हक्काने जाता येत नसे. जो मुलगा सकाळी बाईंच्या हातून पाटीवर 'शाबास' मिळवी, त्याचीच आई संध्याकाळी बाईंच्या घागरीत वरून पाणी ओती. शांताबाईंच्या आत्मकथनात शिक्षक दांपत्याची ही वणवण आहे. पगारदार, शिकलेली, स्वच्छ राहणारी माणसेही गावाच्या लेखी महारच राहत. शिकले की जात जाते, अशी समजूत आजही आपल्यातील काहींची असते. परदेशात आल्यावर तर ती अधिकच दृढ होते. शिकल्याने जात जात नाही. जातीला तोंड देण्याचे बळ मात्र येते, हे या बाईंचे आयुष्य सांगते.

हे बळ त्यांना घरातही लागले. शांताबाईंचे पती कृष्णाजी कांबळे हेही शिक्षक होते. त्यांनी दुसरे लग्न केले, तेव्हा शांताबाईंनी निमूटपणे सवतीबरोबर नांदण्याचे नाकारले आणि माहेरची वाट धरली. पुढे संसार पुन्हा सुरू झाला, मुले झाली. परंतु तो नकार महत्त्वाचा आहे. स्वतःच्या आयुष्यातील ही जखम त्यांनी पुस्तकात झाकली नाही. चळवळीतील घरांतही स्त्रीला अन्याय सोसावा लागला, हे सांगितल्याने चळवळीची बदनामी होईल, अशी भीती त्यांनी बाळगली नाही. पत्नीने पतीच्या बरोबरीने उभे राहावे, हा बाबासाहेबांचा उपदेश त्यांनी अशा प्रकारे शब्दशः पाळला.

धम्म आणि पद

१९५२ मध्ये शांताबाई पुण्याच्या महिला ट्रेनिंग कॉलेजमध्ये दोन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी गेल्या. दहा वर्षे शिकविल्यानंतर, संसार आणि मुले सांभाळून, पुन्हा विद्यार्थिनी होणे सोपे नव्हते. परंतु प्रशिक्षित शिक्षक झाल्याविना वरची जागा मिळत नसे. १९५७ मध्ये आज सांगली जिल्ह्यात असलेल्या जत तालुक्यात त्यांची शिक्षण खात्यातील अधिकारी म्हणून नियुक्ती झाली.

या दोन वर्षांच्या मधोमध १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख येते. दीक्षाभूमीवरील धम्मक्रांतीनंतर कांबळे कुटुंबानेही बुद्धधम्माचा स्वीकार केला. घरातील जुने देव गेले, त्यांच्याबरोबर नवससायास आणि उपासतापासही गेले. ज्या स्त्रीने बालपणी उपास हा व्रत म्हणून पाहिला नव्हता, नाइलाज म्हणून पाहिला होता, तिला या परिवर्तनाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

एक ऐतिहासिक तपशील येथे नमूद करावासा वाटतो. महारकी वतन ही गावगुलामगिरीची बेडी होती. ती तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. प्रत्यक्षात मुंबई राज्यात ही कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने नष्ट झाली ती १९५८ च्या अधिनियमाने. शांताबाई जतमध्ये अधिकारी झाल्या तेव्हा महाराने गावकी करावी, हे बंधन कागदावर अजून संपलेले नव्हते. एकाच वेळी एकाच समाजातील एक माणूस गावचा निरोप घेऊन धावत होता आणि एक स्त्री गावोगावच्या शाळा तपासीत होती. आपल्या समाजाची वाटचाल अशी एकाच काळात दोन युगांतून चालली होती.

पेन्शन आणि लेखणी

१९८१ मध्ये शांताबाई सेवानिवृत्त झाल्या आणि त्यांनी लिहावयास घेतले. १९८३ मध्ये 'पूर्वा' मासिकातून ते लेखन क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९८६ मध्ये ग्रंथरूपाने वाचकांच्या हाती आले.

पुस्तकाचे नावच विचार करण्यासारखे आहे. 'माज्या', 'जल्म', 'चित्तरकथा'. चाळीस वर्षे मुलांच्या वहीत 'माझ्या' आणि 'जन्म' असे शुद्ध रूप लाल शाईने लिहून देणाऱ्या बाईंनी स्वतःच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र आयेची बोली ठेवली. प्रमाण मराठी त्यांना येत होती, ती शिकविणे हीच त्यांची उपजीविका होती. तरीही ज्या भाषेत भूक लागली आणि ज्या भाषेत आयेने समजूत घातली, त्या भाषेतच ती कथा खरी वाटेल, हे त्यांनी जाणले. एका शिक्षिकेने घेतलेला हा निर्णय म्हणून त्याचे मोल अधिक आहे.

ऑगस्ट १९९० मध्ये या आत्मकथनावर आधारित 'नाजुका' ही मालिका मुंबई दूरदर्शनवर दाखविण्यात आली. घराघरात खासगी वाहिन्या पोहोचण्याआधीचा तो काळ. मोजके दूरचित्रवाणी संच आणि त्यांच्याभोवती जमलेली आळी. अशा वेळी महारवाड्यातील एका मुलीची कथा साऱ्या महाराष्ट्राच्या दिवाणखान्यात गेली. पुढे या आत्मकथनाचे फ्रेंच भाषेतही भाषांतर झाले. महूदची नाजा सातासमुद्रापलीकडे गेली, तीही आपल्या आधी.

त्या काळातील इतर लेखिकांकडे पाहिले तर एक सूत्र दिसते. 'अंतःस्फोट' (१९८१) हा आत्मपर लेखांचा संग्रह लिहिणाऱ्या कुमुद पावडे संस्कृतच्या प्राध्यापिका होत्या. 'रात्रंदिन आम्हा' (१९९०) मधून ज्यांची जीवनकथा आपल्यासमोर आली, त्या नाशिकच्या शांताबाई दाणी यांनी मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. आपल्या समाजातील स्त्रियांनी लिहिलेल्या इतिहासाचा मोठा भाग शिक्षिकांनी लिहिलेला आहे. याचे कारण केवळ भाषेवरील प्रभुत्व नाही. नोकरीने पगार दिला, पगाराने घरात शब्दाला वजन आले, निवृत्तीने वेळ दिला आणि पेन्शनने निर्धास्तपणा दिला. इतिहास लिहावयास या चार गोष्टी लागतात.

ज्यांना हे मिळाले नाही त्यांचे काय झाले, हे फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्या उदाहरणावरून दिसते. किराणा दुकानात माल बांधून देण्यासाठी आलेल्या रद्दीतील कागद वाचून त्यांनी आपले वाचन वाढविले आणि 'जिणं आमुचं' हे आत्मकथन वीसएक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. ते १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी फलटणजवळ निंभोरे येथे वंचित मुलांसाठी आश्रमशाळा चालविली. पुस्तक आधी की शाळा आधी, हा क्रम वेगळा झाला. परंतु दोघींच्याही आयुष्यात पुस्तक आणि शाळा यांची ताटातूट झाली नाही.

आजी आणि तिची नातवंडे

शांताबाईंच्या आयुष्याचे आणखी एक रूप आहे, ते आईचे आणि आजीचे. त्यांचे पुत्र प्रा. अरुण कांबळे हे दलित पँथरचे एक नेते, कवी आणि मुंबई विद्यापीठातील मराठीचे प्राध्यापक. 'रामायणातील संस्कृतिसंघर्ष' हे त्यांचे पुस्तक चळवळीतील वाचकांना सुपरिचित आहे. २००९ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. त्यानंतरही ती वृद्ध माता तेरा वर्षे जगली. आये-अप्पांची निरक्षर पिढी, शांताबाईंची प्राथमिक शाळेची पिढी आणि मुलाची विद्यापीठाची पिढी. तीन पिढ्यांत महारवाड्यापासून विद्यापीठापर्यंतचा हा प्रवास झाला.

आपल्या कुटुंबांत या क्रमात एक पिढी अधिक आहे. विद्यापीठातून किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातून निघून विमानाने परदेशी आलेली. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा आखातात वाढणाऱ्या मुलांना बाबासाहेबांचे चरित्र आपण सांगतो. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात आले, हे मुले अभिमानाने सांगतात. परंतु बाबासाहेब आणि ही मुले यांच्यामध्ये जो माणूस उभा होता, त्याचे नाव बहुधा त्यांना ठाऊक नसते. ती कधी जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षिका असते, कधी अंगणवाडीतील सेविका, कधी इस्पितळातील परिचारिका, कधी महिला मंडळाच्या पैशाचा हिशेब वहीत ठेवणारी आणि दर रविवारी विहारात मुलांना त्रिसरण-पंचशील म्हणायला शिकविणारी कार्यकर्ती. घरात तिला फक्त 'आजी' म्हणतात. तिचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही. तिने आपली चित्तरकथा लिहिलेली नाही, कारण कोणी मागितली नाही.

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. शांताबाईंच्या निधनानंतर महिन्याच्या आत, २१ फेब्रुवारी २०२३ रोजी, सिएटल नगर परिषदेने भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर ठरले. त्या निमित्ताने झालेल्या चर्चेत एक आक्षेप पुनःपुन्हा घेतला गेला की जात ही जुनी गोष्ट आहे, येथील तरुण पिढीला तिची कल्पनाही नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात विधिमंडळाने संमत केलेल्या अशाच विधेयकाला राज्यपालांनी नकाराधिकार वापरून रोखले. अशा प्रसंगी आपल्या मुलांना उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर आकडेवारीत जितके असते तितकेच घरातील आठवणीत असते. रांगोळीपाशी थांबविलेली मुलगी ही कोणाची तरी आजी आहे, आणि ती परवा-परवापर्यंत हयात होती. जात किती जुनी, हे यावरून कळते.

म्हणून प्रत्येक घराने एक काम हाती घ्यावे, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. सुटीत गावी गेल्यावर, किंवा आजी सहा महिन्यांसाठी आपल्याकडे आली असताना, तिला तिच्या शाळेविषयी विचारावे. कोणत्या शाळेत होतीस? वर्गात कोठे बसत होतीस? पाणी कोण देई? फायनलला किती मुली होत्या? पहिला पगार किती आणि तो कोणाच्या हातात दिला? कोणकोणत्या गावी बदली झाली आणि तेथे खोली कोणी दिली, कोणी नाकारली? घरातले देव कोणी आणि कोणत्या दिवशी विसर्जित केले? ट्रंकेत ठेवलेला शाळा सोडल्याचा दाखला, सर्व्हिस बुकाची प्रत, पेन्शनचा कागद, दीक्षेच्या वेळचे छायाचित्र यांच्या प्रती करून ठेवाव्यात. त्या पिढीतील कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आढळेल. खरी तारीख आईबापांना सांगता येत नसे आणि शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई, म्हणून मास्तर तीच लिहून टाकीत. आजीच्या दाखल्यावरील ती एक तारीखही इतिहासाचा पुरावा आहे.

आणि एक काळजी घ्यावी. आजी जशी बोलते तसेच ते नोंदवावे. तिचे 'व्हतं', 'न्हाई', 'माज्या' दुरुस्त करू नये. ती भाषा नातवंडांना पूर्ण कळणार नाही, म्हणून सोबत इंग्रजी भाषांतर जोडावे. परंतु मूळ शब्द तसेच राहू द्यावेत. चाळीस वर्षे शुद्धलेखन शिकविलेल्या शांताबाईंनीच आपल्याला हा धडा घालून दिला आहे.

मुक्ता साळवे यांच्या निबंधापासून शांताबाईंच्या पुस्तकापर्यंत यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. मधल्या काळात किती मुलींनी अक्षरे गिरविली, किती बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि किती जणी काहीही न लिहिता निघून गेल्या, याची मोजदाद आता होऊ शकत नाही. ज्या अजून आपल्यात आहेत, त्यांच्यापाशी बसणे मात्र आपल्या हाती आहे.

शाळेच्या बाई, लेखिका, माता आणि आजी शांताबाई कृष्णाजी कांबळे यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

जयभीम! नमो बुद्धाय!